बारा दिवसांचा पराक्रम आणि विसरलेली सात वर्षे

हुकूमशाही गेली की इतिहास कपाटात बंद करावा आणि पुढच्या कामाला लागावे, असा सल्ला देणारी शहाणी माणसे सगळ्याच देशांत असतात. १९८९ मध्ये पोलंडमधली साम्यवादी सत्ता मोडली आणि तादेउश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. झाल्या गोष्टींखाली आम्ही जाड रेघ ओढतो, अशा अर्थाचे विधान त्यांनी तेव्हा संसदेत केले. आधीच्या राजवटीच्या कर्माचा जाब आमच्याकडे मागू नका, आमच्या कामाचा हिशेब आम्ही देऊ, एवढेच त्यांना म्हणायचे होते. लोकांनी मात्र त्या रेघेचा अर्थ ‘मागचे विसरा’ असा लावला आणि त्या अर्थावरून पोलंडमध्ये पुढे कितीतरी वर्षे भांडण चालले. आपल्या दादरा आणि नगर हवेलीत, सिल्वासात, हाच सल्ला उत्सवाच्या वेषात येतो. २ ऑगस्टला मुक्तिदिन साजरा करावा, १९५४ च्या वीरांना हार घालावेत आणि दुसऱ्या दिवशी कारखाने, रस्ते, पाणी या खऱ्या प्रश्नांकडे वळावे. इतिहास उकरून कोणाचे पोट भरले आहे, असे हे म्हणणे आहे. एक जण विसरायला सांगतो, दुसरा फक्त गौरव करायला सांगतो. दोघांनाही नको असते ती एकच गोष्ट, चौकशी. हे कोण सांगतो, कशाच्या आधारावर सांगतो आणि या हकिकतीतून कोण गळाले, हे तीन प्रश्न विचारण्याच्या सवयीला मी ऐतिहासिक विचार म्हणतो. लोकशाहीत ही सवय हौसेची बाब नसून पायाची बाब आहे, आणि याचा सर्वांत जवळचा पुरावा दमणगंगेच्या काठीच पडलेला आहे.

पहिला आक्षेप तुलनेवरच येईल. साम्यवादानंतरच्या युरोपाचे दाखले दादरा आणि नगर हवेलीला कशाला, इथे तर परकी सत्ता होती, असे कोणी म्हणेल. फरक आहे, तो मान्य. पण १९५४ मध्ये इथून गेली ती नुसती परकी सत्ता नव्हती. पोर्तुगालच्या सालाझारची हुकूमशाहीही होती. तिने खुद्द पोर्तुगालमध्येही वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवला होता आणि पीडे नावाचे गुप्त पोलीस खाते पोसले होते. या राजवटीची एक करणी तर पूर्व युरोपातल्या कोणत्याही पक्षाच्या मध्यवर्ती समितीला शोभली असती. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली घटना बदलली आणि ‘वसाहत’ हा शब्द काढून त्या जागी ‘सागरापलीकडील प्रांत’ हा शब्द घातला. एका फटक्यात पोर्तुगालच्या वसाहतीच उरल्या नाहीत! जिथे वसाहत नाही तिथे वसाहतवाद कुठला आणि मुक्ती कोणापासून? शब्द बदलून वास्तव पुसण्याची ही रीत आणि वॉर्सा किंवा बुखारेस्टमधली रीत यांत मला फरक दिसत नाही. अशा राजवटीतून बाहेर पडणाऱ्या समाजाला मतपेटी मिळते, पण पुरावा मागण्याची सवय मिळत नाही. ती कमवावी लागते. म्हणून तुलना चुकीची नाही.

आता पुरावा. नगर हवेलीचे भवितव्य एका मराठी शब्दावर तोलले गेले, हे मराठी वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे? १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेल्यावर पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या दोन प्रदेशांत जायला भारताच्या हद्दीतून वाट मिळाली पाहिजे, अशी मागणी होती. मागणी वाटेची असली तरी तिच्या पोटात प्रश्न मालकीचा होता. पोर्तुगालचे म्हणणे असे की १७७९ च्या पुणे दरबाराशी झालेल्या तहाने आणि त्यानंतर १७८३ व १७८५ मध्ये पेशव्यांनी दिलेल्या सनदांनी हा मुलूख त्यांच्या सार्वभौम ताब्यात आला. भारताचे म्हणणे असे की मराठ्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावे दिली ती सरंजाम म्हणून. सरंजाम म्हणजे काय, हे मोडी दप्तर चाळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सरंजामदाराकडे वसूल जातो, मुलखाचे धनीपण धन्याकडेच राहते, आणि मनात आले तर धनी तो परत घेऊ शकतो. इनाम वेगळे, वतन वेगळे, सरंजाम वेगळा. हेगच्या न्यायाधीशांनी तहाच्या कलमाचे निरनिराळ्या भाषांतले पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचले. ज्या तहांत मराठ्यांना खरोखर सार्वभौमत्व द्यायचे होते, तिथे त्यांनी तसे स्पष्ट शब्द वापरले होते. इथे ते नव्हते. न्यायालयाने निष्कर्ष काढला की मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कारकुनाने लिहिलेला एक शब्द, आणि तो नीट वाचण्याची शिस्त, यांनी सालाझारच्या वकिलांचा मुख्य युक्तिवाद मोडला.

पण गोष्ट इथेच थांबवली तर मीही उत्सव करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहीन. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पुढचाही भाग आहे, आणि तो आपल्याला तितका रुचणारा नाही. मराठ्यांनंतर इंग्रज आले. त्यांनी पोर्तुगिजांचे या गावांवरचे सार्वभौमत्व उघडपणे नाही तरी वागणुकीने मान्य केले होते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून १९५४ मध्ये खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाट मिळण्याचा हक्क होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तसा हक्क नव्हता. हे ठरले अवघ्या एका मताच्या फरकाने, ८ विरुद्ध ७. आणि तेव्हाच्या तणावाच्या परिस्थितीत वाट अडवून भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी सांगितले गेले. म्हणजे सगळा निकाल आपल्या बाजूने लागला, असे म्हणता येत नाही, आणि सगळा विरुद्ध गेला असेही नाही. सरंजामाचा मुद्दा जिंकला, इंग्रजांच्या वागणुकीचा मुद्दा हरला, शेवटी बचावलो. इतिहासाचा अभ्यास आणि इतिहासाची वकिली यांतला फरक यात दिसतो. वकील स्वतःला सोयीचे तेवढे पान उघडतो. अभ्यासकाला पुढचे पान उलटावे लागते. लोकशाहीतल्या नागरिकाला मत देताना, सरकारला प्रश्न विचारताना, शेजाऱ्याचा हक्क मान्य करताना जी सवय लागते ती ही दुसरी.

आता उत्सवाच्या कथेकडे वळू. सिल्वासा म्हटले की मराठी घरात पहिले नाव निघते सुधीर फडके यांचे. दुसरे बाबासाहेब पुरंदरे यांचे. संगीतकार आणि शिवचरित्रकार हाती शस्त्र घेऊन गेले, हे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा या बारा दिवसांचा पट एवढ्या नावांत मावत नाही. दादऱ्यात शिरले ते युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे कार्यकर्ते, फ्रान्सिस मस्कारेन्यस यांच्या नेतृत्वाखाली. तिथे प्राण गेला तो पोलीस उपनिरीक्षक अनिसेतु रोझारियो याचा, आणि तो पोर्तुगीज गणवेशातला होता. सिल्वासा घेतले ते आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी. गोवा पीपल्स पार्टीचे कम्युनिस्ट कार्यकर्तेही या मोहिमेत होते. सरहद्दीपलीकडे तलासरी आणि उंबरगावच्या पट्ट्यात शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने १९४५ पासून वारल्यांना वेठबिगार आणि लग्नगड्याच्या गुलामगिरीविरुद्ध उभे केले होते. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा हा लढा पुस्तकवाचक मराठी समाजापर्यंत पोचला. त्याच डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर, नगर हवेलीत, तेच वारली, धोडिया, कोकणा तीच वेठ करत होते. सरहद्द सरकारांची होती, सावकाराचा हिशेब दोन्हीकडे एकच होता. म्हणून १९५४ ची कथा राष्ट्रवाद्यांची की कम्युनिस्टांची, गोमंतकीयांची की पुणेकरांची, हा वाद मला फोल वाटतो. यांतल्या प्रत्येक गटाने आपापली हकिकत जपली, छापली, वाढवली. ज्यांच्या गावांसाठी हे सारे झाले, त्या आदिवासींची हकिकत त्यांच्या बोलीत कोणी टिपली? पराक्रमाची कथा जितकी घोटीव होत जाते, तितकी तिच्यातली गळती दिसेनाशी होते.

सर्वांत मोठी गळती मात्र काळाची आहे. बारा दिवसांचा उत्सव होतो. त्यानंतरची सात वर्षे कोणाच्या गावीही नसतात. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, आणि खानवेलकडे माघार घेतलेला कॅप्टन व्हिर्जिलिओ फिदाल्गो आपल्या शिपायांसह ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. मग १९६१ पर्यंत हा प्रदेश पोर्तुगालचा राहिला नाही आणि भारताचाही झाला नाही. खटला हेगला चालू होता, त्यामुळे दिल्लीला घाईने तो आपल्यात घेता येत नव्हता. त्या काळात इथला कारभार प्रशासक आणि वरिष्ठ पंचायत यांनी चालवला. पोर्तुगीज भारताच्या टपाल तिकिटांवर मुक्त प्रदेशाचा शिक्का उमटवून ती चालवली गेली. हे तिकीट संग्राहकांच्या कौतुकाची वस्तू असेल, पण त्यात एक राजकीय विधान आहे: जुन्या सत्तेचे तिकीट तेच, वर लोकांचा ठसा. जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. ऑगस्टमध्ये करारावर सही करायला त्या प्रदेशाच्या वतीने कोणीतरी हवे होते, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. ही गोष्ट आज गमतीने सांगितली जाते, पण गंमत तिच्या पृष्ठभागावर आहे. करार दोन पक्षांत होतो. म्हणजे त्या दिवशी दादरा आणि नगर हवेली हा एक पक्ष होता, दान मिळालेली वस्तू नव्हती. दहावी घटनादुरुस्ती होऊन ११ ऑगस्ट १९६१ पासून प्रदेश भारतीय संघराज्यात आला. बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेला.

आणि त्याच वर्षीच्या दादरा आणि नगर हवेली कायद्यात त्या पंचायतीचे काय झाले? ज्या संस्थेने विलीनीकरण मागितले, ती कायद्याने सल्लागार झाली. चर्चा करायची, शिफारशी करायच्या. निर्णय दिल्लीने नेमलेल्या प्रशासकाचा. सुरुवातीच्या वर्षांसाठी हे समजण्यासारखे होते. पण पुढे? गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. १९६३ मध्ये तिथे विधानसभा आली, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात जायचे की नाही हे स्वतः ठरवले, आणि ३० मे १९८७ ला ते राज्य झाले. त्या कौलाआधी गोव्यात मराठी आणि कोकणीतून जे घमासान झाले, ते इतिहासावरूनच झाले: आपण कोण, कुठून आलो, कोणाचे. कडवट होते, पण त्यातून गोवेकर नागरिक झाला. नगर हवेलीला असा प्रश्न कधी विचारला गेला नाही. विधानसभा आजही नाही. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण आणि दीवशी जोडला गेला तो संसदेच्या कायद्याने. मी असे म्हणत नाही की लोकांनी इतिहास नीट वाचला असता तर विधानसभा आपोआप मिळाली असती; इतके सोपे कारण इतिहासात नसते. लोकसंख्या कमी, प्रदेश जेमतेम ४९० चौरस किलोमीटरचा, ही कारणे होतीच. पण ज्या समाजाला ‘आपल्याला मुक्त केले’ एवढेच आठवते आणि ‘आपण सात वर्षे कारभार केला’ हे आठवत नाही, त्या समाजाची मागणीच लहान होते. मुक्त झालेला माणूस आभार मानतो. कारभार केलेला माणूस हिशेब मागतो.

पोटाचा आक्षेप राहिला, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मसाट, नरोली, खडोलीच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या माणसाला सरंजामाशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, कारण जमीन आहे. पोर्तुगीज राजवटीत इथे अल्वारा नावाचे पट्टे दिले जात. लागवड करायची अट, आणि पट्टा बहुधा पैसेवाल्यांच्या हाती. जमीन कसणारा वारली त्याच जमिनीवर राबणारा. तेरेम हा दुसरा प्रकार, कसणाऱ्याच्या भोगवट्याचा. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमावलीने ही व्यवस्था मोडली. पण मोडण्याआधी प्रत्येक पट्टा कोणाला, कधी, कोणत्या अटीवर दिला आणि ती अट पाळली गेली का, हे तपासावे लागते. अटी न पाळल्याचे कारण देऊन १९७४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केलेल्या अल्वारांचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पोर्तुगीज लिपिकाने लिहिलेला कागद भारतीय न्यायाधीशासमोर येतो, आणि त्या कागदावर ठरते की आदिवासीच्या पायाखालची माती कोणाची. पोट भरण्याचा प्रश्न तो हाच. २००१ मध्ये या प्रदेशात आदिवासींचे प्रमाण ६२ टक्क्यांवर होते. २०११ च्या जनगणनेत ते ५२ टक्क्यांच्या आसपास आले. एकूण लोकसंख्या २ लाख २० हजारांवरून ३ लाख ४३ हजारांवर गेली, म्हणजे बाहेरून कामाला आलेली माणसे वाढली. हे आलेले लोकही इथले नागरिक आहेत, आणि त्यांना आदिवासी जमिनीच्या हक्काबद्दल एवढा हळवा का, हे इतिहासाशिवाय कळणार नाही. इतिहास न सांगता दोन समाज एका मतदारसंघात कोंबले की उरते ती फक्त गर्दी.

शेवटचा आक्षेप असा की इतिहास जागवला तर भांडणे जागतात. जागतात, हे खोटे नाही. पण भांडण दोन प्रकारचे असते. १९९१ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीने श्टासीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, कागदपत्रांचा कायदा केला आणि ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याला स्वतःची फाइल वाचायचा हक्क दिला. घरोघरी दुःख झाले, मैत्र्या तुटल्या. पण वाद कागदाच्या आधाराने झाला. उलट बाजूला रशियात मेमोरियल ही संस्था, जी स्टालिनच्या काळातल्या बळींची नावे गोळा करत होती, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बरखास्त झाली. पोलंडने २०१८ मध्ये इतिहासाविषयी ‘चुकीचे’ बोलणाऱ्याला तुरुंगाची तरतूद केली आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. जिथे सरकारने एकच आवृत्ती अधिकृत ठरवली, तिथे भांडण मिटले नाही, फक्त दबले. तेव्हा भांडणाचे कारण इतिहास नाही. भांडण मिटवायला पुरावा नसणे, हे कारण आहे. आणि पोर्तुगालकडेच पहा: १९७४ च्या एप्रिलमध्ये सालाझारची व्यवस्था कोसळल्यावर त्या देशाने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ज्या राज्याने १९५१ मध्ये शब्द पुसला होता, त्यानेच हुकूमशाही गेल्यावर वस्तुस्थितीवर सही केली.

म्हणून मागणी साधी आहे. २ ऑगस्टचे ध्वजवंदन होऊ द्या, वीरांना मान द्या, फडक्यांचे गाणेही वाजू द्या. पण त्याच दिवशी वरिष्ठ पंचायतीची जी कार्यवृत्ते उरली असतील, ती सिल्वासाच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलांपुढे मराठी, गुजराती आणि हिंदीत ठेवा. हेगच्या निकालातला सरंजामाचा उतारा आणि त्याच्याच पुढचा, आपल्याविरुद्ध गेलेला उतारा, दोन्ही वाचून दाखवा. अल्वारांची नोंद ज्याला हवी त्याला पाहता येईल अशी उघडी ठेवा. वारली, धोडिया आणि कोकणा म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित करा, नाव आणि गाव यांसह. हे काम पैशाने मोठे नाही. वेळेने मोठे आहे, कारण १९५४ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत.